क्षमापन आणि प्रतिदान : ख्रिस्ती धर्मविचार व आपलीं जुनीं कागदपत्रें

देऊळगांव राजा हें सिंदखेडकर जाधवरावांच्या घराण्याचें ठिकाण. बुलढाणे जिल्ह्याच्या दक्षिण भागांत वसलेलें हें गांव सामान्य लोकांत तेथील बालाजीच्या देवस्थानामुळें व यात्रेमुळें प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तें जिजाबाईसाहेबांच्या माहेरच्या कुळामुळें ओळखीचें आहे. या गांवाच्या नैर्ऋत्येस सुमारें दहा कोसांवर जालना लागतें. वऱ्हाडचा कारभार १८५३ सालीं इंग्रजांकडे गेल्यावर या दोन गांवांच्या मधून दोन कारभारांची हद्द गेली, तरी टापू एकच राहिला. जालन्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशनचें काम चालविलें, व सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. अर्थात् एकाच टापूंत एका बाजूस दोषपत्र, शुद्धिपत्र, यजितखत यांची जुनी परंपरा, व दुसऱ्या बाजूस पश्चात्ताप आणि पापकबुली यांचा ख्रिस्ती उपदेश, अशीं दोन वळणें शेजारीं नांदलीं.

दोहोंचाहि विषय एकच आहे. माणसाच्या हातून दुसऱ्याचा अपराध घडला असतां त्यानें काय बोलावें, काय द्यावें व कोणापुढें उभें राहावें, हा तो विषय. आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांस हा प्रश्न दोन कारणांनीं जवळचा आहे. एक तर माफीचे, कबुलीचे व भरपाईचे कागद त्यांच्या हातीं नेहमीं येतात, आणि त्यांचा अर्थ लावण्यास कांहीं कसोटी लागते. दुसरें असें कीं, पोथ्या व कागद गोळा करणारास स्वतःच्या संग्रहाविषयींहि हाच प्रश्न केव्हांना केव्हां विचारावा लागतो. म्हणून ख्रिस्ती धर्मशास्त्रानें खऱ्या क्षमायाचनेचीं अंगें कशीं ठरविलीं आहेत, आपल्याकडील लेखप्रकारांशीं तीं कोठें जुळतात व कोठें वेगळीं पडतात, आणि हस्तलिखितांच्या बाबतींत त्यांचा उपयोग काय, याचा विचार येथें क्रमानें करूं.

१. शब्दविचार

प्रथम आपले शब्द पाहूं. ‘क्षमा’ हा शब्द सहन करणें या अर्थाच्या ‘क्षम्’ धातूपासून झाला आहे. क्षमा मागणारा समोरच्यास आपला अपराध सोसण्याची विनंति करतो; पृथ्वीसहि क्षमा म्हणतात तें याच अर्थानें. ‘माफी’ हा अरबी मुळाचा, दफ्तरी वळणाचा शब्द आहे. साराहि माफ होतो व गुन्हाहि माफ होतो. म्हणजे देणें अंगावरून उतरणें हा त्याचा गाभा. ‘दिलगिरी’ हा फारसी शब्द मनाचें दुःख एवढेंच सांगतो. दिलगीर झालेला मनुष्य अपराध कबूल करतोच असें नाहीं. पावसानें यात्रा मोडली तरी दिलगिरी वाटते, व आपण शेजाऱ्याचा बांध कोरला तरी वाटते. कागद वाचतांना या तिहींपैकीं कोणता शब्द लिहिणारानें योजिला आहे हें पाहिलें, म्हणजे त्याच्या मनाचा अर्धा ठाव लागतो.

ख्रिस्ती शास्त्राचे मूळ शब्द याहून वेगळे आहेत. इब्री भाषेंत पश्चात्तापास ‘शूव’ या धातूचा प्रयोग होतो. त्याचा साधा अर्थ परत फिरणें. वाट चुकलेला वाटसरू मागें वळतो तसें वळणें. भरपाई करण्यास ‘शिल्लेम’ हें क्रियापद आहे, व तें शांति या अर्थाच्या ‘शालोम’ शब्दाच्याच मुळांतलें आहे. मोडलेलें पुरें केल्यावांचून शांति नाहीं, हा अर्थ त्या भाषेच्या घडणींतच बसलेला आहे. ग्रीक नव्या करारांत ‘मेटानोइया’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ मन पालटणें.

या ग्रीक शब्दाच्या भाषांतरावरून युरोपांत मोठा इतिहास घडला. लॅटिन बायबलांत त्या ठिकाणीं जे शब्द होते त्यांचा अर्थ प्रायश्चित्त करा असा घेतां येत असे. पंधराव्या शतकांत लोरेंझो व्हाल्ला यानें ग्रीक पाठाशीं लॅटिन पाठ ताडून पाहिला, १५१६ सालीं इरास्मसनें ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, आणि १५१७ सालीं मार्टिन लूथरनें मांडलेल्या ९५ कलमांपैकीं पहिलेंच कलम या मुद्द्याचें होतें : पश्चात्ताप हा एखादा विधि नसून माणसाच्या साऱ्या आयुष्याचें वळण आहे. पाठभेदाचा विचार हा पंडितांचा रिकामा उद्योग आहे असें म्हणणारांस याहून चांगलें उत्तर सांपडणें कठीण.

मराठींत हाच प्रश्न भाषांतरकारांपुढें आला. कॅरीचा मराठी नवा करार सेरामपुरास १८११ सालीं छापून निघाला. अमेरिकन मिशनचें संपूर्ण मराठी बायबल १८४७ सालचें. पंडिता रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेलें सोपें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं पूर्ण स्वरूपांत बाहेर पडलें. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत जी वांटणी रूढ झाली ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. माणसानें करावयाचा तो ‘पश्चात्ताप’. आणि ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मुख्यतः ख्रिस्तानें वधस्तंभावर केलेल्या कृत्यास लावितात. आपल्या धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त दोषी मनुष्य स्वतः घेतो. शब्द एकच, परंतु कर्ता बदललेला. हें ध्यानांत न घेतल्यास मिशनच्या काळचे वादविवादाचे ग्रंथ वाचतांना घोटाळा होतो. दोन्ही पक्ष एकच शब्द वापरून भिन्न गोष्टी बोलत असतात.

२. ख्रिस्ती क्षमायाचनेचीं अंगें

येशूच्या डोंगरावरील प्रवचनांत (मत्तय, अध्याय ५) एक नियम सांगितला आहे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलेल्या मनुष्यास जर तेथें आठवलें कीं, आपल्या भावाचें आपल्याविरुद्ध कांहीं म्हणणें आहे, तर त्यानें अर्पण तेथेंच ठेवावें, आधीं जाऊन भावाशीं समेट करावा व मग देवाचें कार्य करावें. येथें दोन गोष्टी आहेत. पहिली, दुखावलेल्या माणसाकडे स्वतः जावयाचें. तो येईल म्हणून वाट पाहावयाची नाहीं. दुसरी, देवाची पूजा ही माणसाच्या देण्याची पळवाट होऊं शकत नाहीं.

जुन्या करारांतील लेवीय (अध्याय ६) व गणना (अध्याय ५) या ग्रंथांत याची कायद्याची बाजू आहे. तेथें दिलेली अपराधांची यादी संग्राहकांनीं सावकाश वाचावी अशी आहे : कोणी विश्वासानें ठेविलेली ठेव नाकारणें, जबरीनें घेणें, फसवून घेणें, हरवलेली वस्तु सांपडली असतां लपवून खोटें बोलणें. अशा अपराध्यानें अपराध कबूल करावा, मूळ वस्तु पुरी परत करावी, तिच्यावर पांचवा हिस्सा अधिक द्यावा, आणि मग याजकाकडे अर्पण न्यावें. मूळ धनी मेला असून त्याचा जवळचा वारसहि नसेल, तर तें द्रव्य याजकाच्या स्वाधीन करावें, पण अपराध्याच्या घरीं तें राहूं नये.

तिसरा दाखला जक्कयाचा (लूक, अध्याय १९). हा यरीहो शहरचा मुख्य जकातदार. रोमन सरकारची जकात गोळा करतांना त्यानें लोकांस नाडून पैसा मिळविला होता. येशू त्याच्या घरीं उतरला तेव्हां त्यानें उभें राहून, आपली निम्मी मालमत्ता गरिबांस देण्याचें व ज्यांचें अन्यायानें घेतलें त्यांस चौपट परत करण्याचें जाहीर केलें. कोणीं मागितलें नसतां, साऱ्यांसमक्ष व ठरीव प्रमाण सांगून त्यानें हें केलें. निर्गमांत मेंढरू चोरून मारणारास चौपट दंड सांगितला आहे. जक्कयानें स्वतःस चोराच्या पंक्तीस बसवून घेतलें, सौम्य कलम शोधलें नाहीं.

याच्या उलट यहूदाचें उदाहरण आहे. त्यानें तीस रुपयांचीं नाणीं परत केलीं, निरपराधी माणसास धरून दिल्याची कबुलीहि तोंडानें दिली. तरी ज्याचा अपराध केला त्याच्याकडे तो वळला नाहीं, व निराशेनें त्यानें आत्मघात केला. पेत्रानेंहि गुरूस तीन वेळां नाकारलें होतें. तो रडला, पण परतून आला. ख्रिस्ती शास्त्रकार या दोघांचें उदाहरण शेजारीं शेजारीं ठेवितात. नुसती भरपाई किंवा नुसतें दुःख पुरें पडत नाहीं. तुटलेला संबंध जोडण्याकडे पाऊल पडलें पाहिजे. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत (अध्याय ७) दोन प्रकारचीं दुःखें सांगितलीं आहेत, तीं याच भेदाचीं : एक माणसास वळवितें, दुसरें त्यास कुजवितें.

मध्ययुगीन चर्चनें हीं अंगें विधींत बसविलीं. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५५१ सालीं पापकबुलीच्या संस्काराचे तीन भाग निश्चित केले : अनुताप, मुखानें कबुली व कृतीनें भरणा. चोरीच्या मालाविषयीं तर संत ऑगस्टीनपासून चालत आलेला दंडक असा कीं, परत करण्याची शक्ति असून जो परत करीत नाहीं त्याचा पश्चात्ताप खोटा. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें परत करण्याच्या कर्तव्यावर आपल्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण घातलें. प्रॉटेस्टंट पंथांनीं संस्काराचें स्वरूप सोडलें, पण परत करण्याचें कर्तव्य सोडलें नाहीं. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनांत जें धर्मजागरण झालें त्यांतहि उघड पापकबुलीस मोठें स्थान होतें.

या साऱ्याचा निष्कर्ष पांच कलमांत मांडतां येईल. अपराधाचें नांव घेऊन कबुली. त्याविषयीं मनाचें खरें दुःख. घेतलेल्याचें प्रतिदान, व शक्य तेथें कांहीं अधिक. पुन्हां न करण्याचा निश्चय. आणि क्षमा हक्कानें न मागणें. पांचवें कलम विसरलें जातें. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत (लूक, अध्याय १५) मुलगा बापाकडे परत येतो तेव्हां तो पुत्रपणाचा हक्क सांगत नाहीं. चाकराची जागा मागतो. क्षमा करणें न करणें हें दुखावलेल्याच्या हातीं आहे. अपराध्यानें त्यास घाई केली तर तो दुसरा अपराध होतो.

३. दस्तऐवजाच्या दृष्टीनें

आमच्या वाचकांस नव्या करारांतील एका लहानशा पत्राकडे विशेष लक्ष द्यावयास सांगितलें पाहिजे. फिलेमोनास पौलानें लिहिलेलें पत्र हें मध्यस्थीचें पत्र आहे. फिलेमोनाचा अनेसिम नांवाचा दास त्याच्यापासून दुरावून पौलाकडे आला होता. त्यास परत पाठवितांना पौलानें हें पत्र दिलें. त्यांत पौल म्हणतो कीं, यानें तुझें कांहीं नुकसान केलें असल्यास तें माझ्या खातीं मांड; आणि पुढें, मी स्वतःच्या हातानें लिहितों, मी फेडीन, असें स्पष्ट करतो. हा निव्वळ जामीनकतबा आहे. देणें कोणाचें, धनको कोण, जामीन कोण, व दस्तुरखुद्द लिहिल्याची खूण, हीं चारहि अंगें त्यांत आहेत. क्षमेची विनंति करतांना पौलानें नुकसानीचा मुद्दा गोड शब्दांखालीं झांकला नाहीं. उलट तो कागदावर आणून स्वतःच्या अंगावर घेतला. त्याच पौलाच्या नांवावरील कलस्सैकरांस पत्रांत (अध्याय २) पापाच्या देण्यास ‘खेइरोग्राफॉन’ म्हणजे ऋणकोच्या हातचें खत असें म्हटलें आहे, व तें खत रद्द होऊन वधस्तंभावर खिळलें गेलें अशी कल्पना केली आहे. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर देणें फिटल्याची ती फारखती होय.

आतां आपले लेखप्रकार घेऊं. वतनाच्या वादांत जो हरला तो जिंकणारास यजितखत लिहून देई : आपण खोटा वाद सांगितला, वतनाशीं आपला संबंध नाहीं, पुढें कटकट केल्यास दिवाणाचे गुन्हेगार. यांत अपराधाचें नांव आहे, समोरचा पक्ष आहे, पुढें न करण्याचें वचन आहे, प्रतिदानहि आहे. नाहीं तें एकच, मनाचें दुःख. आणि निवाड्याच्या कागदांत त्याची अपेक्षाहि नसे. कतबा हा सरकारास लिहून दिलेला असल्यानें त्यांत दुखावलेला मनुष्य पुष्कळदां बाजूसच राहतो. अभयपत्र व कौल हे क्षमा देणाराच्या बाजूचे कागद होत.

दोषपत्र व शुद्धिपत्र यांची जात वेगळी. दोष काय तो ब्राह्मणसभेपुढें सांगावा, प्रायश्चित्त घ्यावें, व मग पंक्तिव्यवहार मोकळा झाल्याचें पत्र मिळावें, असा हा क्रम. नेताजी पालकरास १६७६ सालीं परत घेतल्याचें प्रकरण सर्वश्रुत आहे. येथें ज्याचा निकाल लागतो तो जातींतील स्थानाचा. दोष नेहमीं अपराधच असतो असें नाहीं. बळानें बाटविलेल्या मनुष्यानें कोणाचा अपराध केलेला नसतो. उलट अपराध त्याचाच झालेला असतो. तरी प्रायश्चित्त त्यालाच घ्यावें लागे. म्हणून शुद्धिपत्र हें क्षमापत्र समजून वाचूं नये.

ही भेदरेषा उघड करणारें प्रकरण नारायण शेषाद्रींच्याच घरांतलें आहे. नारायणाचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला. त्याच वेळीं त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयी असल्यानें वडिलांनीं सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व कोर्टानें मुलगा वडिलांच्या ताब्यांत दिला. मग प्रश्न उभा राहिला तो जातीचा. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरीं अन्नपाणी घडलें होतें. बाळशास्त्री जांभेकर त्यास प्रायश्चित्त देऊन परत घेण्याच्या बाजूनें उभे राहिले, व सनातनी पक्षानें कडाडून विरोध केला. बारा वर्षांच्या आंतबाहेरच्या त्या मुलानें कोणाचें काय हिरावून घेतलें होतें, असें विचारल्यास उत्तर मिळत नाहीं. वाद दोषाचा होता, अपराधाचा नव्हता.

दुसरें प्रकरण पुण्याचें. १८९० सालीं गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनें पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी जमली व तेथें त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें आलीं. नांवें ‘पुणेवैभव’ पत्रांत छापून आल्यावर ग्रामण्य माजलें, शंकराचार्यांकडून शास्त्री चौकशीस आले, टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें पुढें केलें, आणि १८९२ सालीं रानड्यांनीं स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतलें. ख्रिस्ती कसोटीनें पाहतां यास पश्चात्ताप म्हणतां येणार नाहीं, कारण चहा घेण्यांत पाप आहे असें घेणारांस वाटतच नव्हतें. परंतु तेवढ्यावरून तें ढोंग होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. तो तुटलेला व्यवहार जोडण्याचा समाजमान्य मार्ग होता. कसोटी लावतांना कागद कोणत्या कामाचा आहे हें आधीं ओळखावें लागतें, तें यासाठीं.

आपल्या शास्त्राकारांस आंतल्या अनुतापाची जाणीव नव्हती असेंहि कोणीं समजूं नये. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीच्या साधनांत पाप उघड सांगणें व अनुताप हीं प्रथम सांगितलीं आहेत. पुन्हां न करण्याच्या निश्चयानेंच शुद्धि होते असेंहि म्हटलें आहे. आणि चोरीच्या प्रायश्चित्तांत चोरलेली वस्तु धन्यास परत देणें हें अंग आहे. म्हणजे मूळ तत्त्वांत दोन्ही परंपरा फार दूर नाहींत. विधि वाढला कीं तत्त्व मागें पडतें, हा अनुभव दोहोंकडे सारखाच. लूथरचा कलह दुसऱ्या कशासाठीं होता?

४. गोव्यांतील एक अनुत्तरित देणें

आतां ज्या प्रकरणांत ख्रिस्ती लोकच अपराध्याच्या जागीं उभे आहेत तें पाहूं. कारण जो आपल्याच माणसांस लावितां येत नाहीं तो नियम कसला?

१५५९ सालच्या एका जेझुइट पत्रांत लुइश फ्रॉइश यानें पुढील हकीकत कळविली आहे. एका ब्राह्मण विद्वानानें आठ वर्षें खपून जुने ग्रंथ मिळविले होते व त्यांचें भाषांतर चालविलें होतें. त्यांत व्यासाच्या नांवावरील ग्रंथ होते. नव्यानेंच ख्रिस्ती झालेल्या एका तरुण ब्राह्मणानें अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, सोबत माणसें नेऊन, त्याच्या घरांतून तो संग्रह उचलला व गोव्याच्या पाद्र्यांच्या पाठशाळेंत आणून दिला. तेथें त्यांतील भागांचीं पोर्तुगीज भाषांतरें झालीं. तीं वाचून हिंदु धर्मावर वाद करणें पाद्र्यांस सोपें जावें, हा हेतु. पत्रांत ही गोष्ट यश म्हणून सांगितली आहे.

आठ वर्षांचा संग्रह एका फेरींत जाणें म्हणजे काय, हें संग्राहकास समजावून सांगावें लागत नाहीं.

या कृत्यास पाद्र्यांच्याच शास्त्राचा मापदंड लावून पाहूं. त्रेंतच्या परिषदेनें भरणा हें पापकबुलीचें अंग ठरवून तेव्हां आठ वर्षें झालीं होतीं. अक्वायनसाचा ग्रंथ त्यांच्या पाठशाळांत शिकविला जात होता. बळानें घेतलेली वस्तु परत केल्यावांचून पापमुक्ति नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. मूर्तिपूजेचे ग्रंथ म्हणून ते जप्तीस पात्र, अशी समजूत करून घेऊन त्यांनीं हा नियम बाजूस ठेविला. परंतु ज्या ग्रंथांचा आपण अभ्यासास उपयोग करतों, ते नष्ट करण्याजोगे होते म्हणून घेतले असें म्हणतां येत नाहीं. सरकारी परवानगीनेंहि कृत्याचा रंग बदलत नाहीं. जक्कयाजवळसुद्धां रोमन सरकारची परवानगी होतीच.

पुढें १५७९ सालीं गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं ‘क्रिस्तपुराण’ रचिलें व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभींच प्रसंग असा घातला आहे कीं, जुनीं पुराणें बंद झालीं, त्यांच्या जागीं आम्हांस कांहीं द्या, अशी मागणी एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण करतो. मराठी भाषेचें कौतुक करणारा हा पाद्री व त्याचा ग्रंथ आपणां सर्वांस आदरणीय आहेत. रोमन लिपींतील मराठी-कोंकणी कथांचीं जीं हस्तलिखितें पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत राहिलीं आहेत, त्यांमुळें पुष्कळ जुनी भाषा वांचली, हेंहि खरें. परंतु एकाचें घेतलें व दुसऱ्यास दिलें, तर तें दान होतें; प्रतिदान होत नाहीं. ज्याचे ग्रंथ गेले त्याच्या दाराशीं परत कोणी गेलें नाहीं. क्रिस्तपुराणाचें मोल यानें उणें होत नाहीं, आणि मूळ देणेंहि त्यानें फिटत नाहीं. दोन्ही रकमा वेगवेगळ्या खातीं मांडल्या पाहिजेत.

५. अधिकार कोणाचा?

ज्यांनीं अपराध केला ते मेले व ज्यांचा झाला तेहि मेले, तर मागून आलेल्यांनीं क्षमा मागण्यास अर्थ आहे काय? या प्रश्नाचे दोन दाखले अलीकडचे आहेत.

१२ मार्च २००० रोजीं रोम येथें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं चर्चच्या लेकरांनीं गतकाळीं केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमाप्रार्थना केली. सत्याच्या नांवाखालीं वापरलेली बळजबरी, इतर लोकांच्या संस्कृतींचा व धर्मांचा केलेला अनादर, अशीं सदरें त्यांत होतीं. ही प्रार्थना देवास उद्देशून होती. अपराध चर्चचा म्हणावयाचा कीं तिच्या लेकरांचा, हा भेद शब्दांत जपलेला होता. आणि कोणत्या गांवीं, कोणाचें, काय गेलें, हें त्यांत नव्हतें. १० सप्टेंबर २०१९ रोजीं कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनीं अमृतसरास जालियनवाला बागेंत जमिनीवर पालथें पडून १३ एप्रिल १९१९ च्या हत्याकांडाबद्दल लज्जा व दुःख व्यक्त केलें. त्यांनीं स्पष्ट केलें कीं, ब्रिटिश सरकारच्या वतीनें बोलण्याचा अधिकार आपणांस नाहीं. धर्मगुरु या नात्यानें आपण बोलतों.

कागदाची परीक्षा करणारा प्रथम शिक्का पाहतो. क्षमायाचनेचेंहि तसेंच आहे. पहिल्या दाखल्यांत शिक्का मोठा, पण तपशील थोडा. दुसऱ्यांत ठिकाण व कृत्य नेमकें, पण देणें फेडण्याचा अधिकार अपुरा. दोन्ही ठिकाणीं प्रतिदानाचें कलम कोरेंच राहिलें. तरी वेल्बींनीं आपल्या अधिकाराची मर्यादा स्वतःच सांगितली, ही गोष्ट त्यांच्या कबुलीस वजन आणिते.

६. पोथीचें प्रतिदान

हें कलम ज्यांनीं भरून काढलें अशींहि उदाहरणें आहेत, आणि तीं हस्तलिखितांचींच आहेत. उत्तर ग्रीसमधील कोसिनित्सा मठावर १९१७ सालीं बल्गेरियन टोळीनें धाड घालून चारशेहून अधिक हस्तलिखितें नेलीं. त्यांतील नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराचें नव्या कराराचें एक संपूर्ण ग्रीक हस्तलिखित १९२० सालीं ग्रूबर नांवाच्या लूथरपंथी विद्वानानें युरोपांतील ग्रंथविक्रेत्याकडून विकत घेतलें, व तें शेवटीं शिकागो येथील लूथरपंथी धर्मविद्यालयाच्या संग्रहांत आलें. विद्यालयानें चोरी केली नव्हती. पैसे मोजून घेतलेली वस्तु होती. तरी मूळ इतिहास कळल्यावर २०१६ सालीं त्यानें तें हस्तलिखित ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या स्वाधीन केलें. त्याच मठाचें एक शुभवर्तमानाचें हस्तलिखित वॉशिंग्टन येथील बायबल संग्रहालयानें २०२२ सालीं परत दिलें. हॉवर्ड विद्यापीठाच्या धर्मविद्याशाखेनेंहि २०१६ सालीं एक इथिओपियन हस्तलिखित देब्रे लिबानोस मठास पोंचविलें.

या उदाहरणांत लेवीय ग्रंथांतील यादीचा अर्थ पुढें गेलेला दिसतो. वस्तु आपल्या हातीं निर्दोष मार्गानें आली असली, तरी ती कोणाच्या घरांतून बळानें निघाली हें कळलें कीं, त्या क्षणापासून न बोलणें हा आपला स्वतःचा अपराध होऊं लागतो.

आपल्याकडे पोथ्या कशा फिरल्या हें वाचकांस ठाऊक आहे. कोणी नक्कल करावयास म्हणून नेली. कोणी प्रदर्शनास म्हणून मागितली. कोणी जुन्या वाड्याच्या माळ्यावरून रद्दीच्या भावानें उचलली. आणि घेणारा व देणारा दोघेहि वारल्यावर ती तिसऱ्याच्या कपाटांत मालकीची होऊन बसली. वतनदारांच्या घरांतून, देवस्थानांतून, मठांतून असे कागद निघाले. त्यांपैकीं पुष्कळांचे प्राण संग्राहकांनींच वांचविले, याचें श्रेय त्यांस द्यावेंच लागेल. परंतु वांचविणाराचा हक्क व धन्याचा हक्क हे दोन वेगळे आहेत.

म्हणून वर सांगितलेल्या पांच कलमांचा व्यवहारांत असा उपयोग करतां येईल. पोथीबरोबर ती कोठून, कोणाकडून व कोणत्या नात्यानें आली याची टिपण लिहून ठेवावी, माहीत असलेलें झांकूं नये, हीच कबुली. परत देतांना ‘आमच्याकडे पडून होती’ असें न म्हणतां ‘नक्कल करण्यास आणिली होती व परत केली नाहीं’ असें सरळ म्हणावें. पांचव्या हिश्शाचा नियम येथें फार सुंदर लागूं पडतो : मूळ पोथीबरोबर तिचीं छायाचित्रें, पानांची अनुक्रमणी, वाचून केलेलें लिप्यंतर, नीट बांधलेलें बासन, असें कांहीं अधिक द्यावें. इतक्या वर्षांच्या उपयोगाचें तें व्याज होय. धनी किंवा वारस सांपडत नसेल, तर याजकाच्या जागीं सार्वजनिक संस्था समजून तेथें ती नोंदीसह ठेवावी, म्हणजे पुढें वारस आला तर त्यास वाट मोकळी राहील. आणि देऊन झाल्यावर आभाराची अपेक्षा करूं नये. समोरचा रागें भरला तर तें ऐकून घ्यावें, कारण ज्याच्या घरांतून वस्तु गेली त्याच्याकडे तेवढें देणें राहिलेलेंच असतें.

यांत एक भय सांगितलें जाईल कीं, परत दिलेली पोथी धन्याकडे वाळवीस लागेल. हें भय खोटें नाहीं. पण त्यासाठीं आधीं छायाचित्रें घेतां येतात, जतन करण्याची रीत धन्यास शिकवितां येते, व त्याच्या संमतीनें पोथी संस्थेंत ठेवितां येते. संमति हाच येथला मुख्य शब्द आहे. संमतीनें संस्थेंत राहिलेली पोथी व संमतीवांचून कपाटांत राहिलेली पोथी बाहेरून सारख्याच दिसतात. दोहोंच्या वेष्टनावर मात्र वेगळी नोंद पडते.

जक्कयाची गोष्ट येशूच्या मुखांतील एका निवाड्यानें संपते : आज या घरास तारण प्राप्त झालें. तो निवाडा मालमत्ता वांटण्याचें वचन उच्चारल्यावरचा आहे. वेदीजवळ ठेविलेलें अर्पण, पौलाचें दस्तुरखुद्द खत, हरणाराचें यजितखत व मनूनें सांगितलेलें चोरीच्या वस्तूचें परत देणें, या सर्वांतून निघणारा अर्थ एकच : क्षमा मागणाराचे हात रिकामे नसावेत. जालन्यापासून देऊळगांव राजापर्यंतच्या टापूंतील, व एकंदर महाराष्ट्रांतील संग्राहकांनीं आपापलीं बासनें या दृष्टीनें एकवार सोडून पाहिलीं, तर कांहीं पोथ्या घरीं परततील, आणि ज्या राहतील त्यांच्यावरील नोंदी स्वच्छ होतील. इतिहासाच्या साधनांस स्वच्छ नोंदीएवढें दुसरें बळ नाहीं.